शुश्रूषेतील आंतरवैयक्तिक संबंध सिद्धान्त

शुश्रूषेतील आंतरवैयक्तिक संबंध सिद्धान्त हा परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्याचा अभ्यास करणारा शुश्रूषाशास्त्रातील एक पायाभूत सिद्धान्त होय. अमेरिकन परिचारिका व शिक्षणतज्ज्ञ हिल्डेगार्ड पेप्लाऊ (१९०९–१९९९) यांनी तो १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ या ग्रंथात मांडला. औषध देणे, जखम बांधणे, ताप मोजणे यांइतकेच परिचारिकेचे रुग्णाशी होणारे बोलणे हेही उपचाराचे अंग आहे, ते ठरावीक टप्प्यांनी घडते आणि म्हणून ते शिकता व शिकवता येते, हे या सिद्धान्ताचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. मानसिक आरोग्य शुश्रूषेच्या अभ्यासक्रमात त्याला विशेष स्थान असून भारतातील, पर्यायाने महाराष्ट्रातील, परिचर्या महाविद्यालयांत परिचारिका-रुग्ण नात्याचे टप्पे शिकवताना याच मांडणीचा आधार घेतला जातो.

संज्ञा

मराठीत या व्यवसायासाठी ‘शुश्रूषा’ आणि ‘परिचर्या’ असे दोन संस्कृत शब्द रूढ आहेत. ‘परिचर्या’ हा शब्द ‘परि’ म्हणजे सभोवती आणि ‘चर्’ म्हणजे वावरणे यांपासून झाला आहे. रुग्णाच्या भोवती राहून त्याचे हवे-नको पाहणे हा त्याचा अर्थ. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूचे बोलणे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करतो, या संबंधातून त्याला सेवेचा अर्थ चिकटला आणि पुढे तो आजाऱ्याच्या सेवेपुरता मर्यादित झाला. पेप्लाऊ यांच्या सिद्धान्ताचा गाभा ऐकण्यातच असल्याने मराठी वाचकाला ही व्युत्पत्ती विशेष उद्बोधक वाटते. परिचर्या डोळ्यांना दिसते आणि नोंदवहीत लिहिता येते. ऐकण्याची नोंद सहसा कोठेच होत नाही.

महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका आणि अधिसेविका अशी पदांची चढती श्रेणी आहे, तर परिचर्या विद्यालयांत शिकवणाऱ्या शिक्षिकेस पाठ्यनिर्देशिका म्हणतात. ग्रामीण उपकेंद्रातील साहाय्यकारी परिचारिका व प्रसाविका ही ‘आरोग्यसेविका’ या नावाने ओळखली जाते. व्यवहारात रुग्ण यांपैकी बहुतेकींना ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात. या व्यवसायात पुरुषही आहेत. प्रस्तुत लेखात ‘परिचारिका’ हा शब्द दोघांसाठी योजला आहे.

पार्श्वभूमी

हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांचा जन्म १ सप्टेंबर १९०९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रेडिंग या गावी झाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत घरोघरी झालेले मृत्यू आणि त्यांचे कुटुंबांवर झालेले परिणाम त्यांनी लहानपणी पाहिले होते. १९३१ साली पॉट्सटाउन येथील रुग्णालयाच्या विद्यालयातून परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी नोकरी सुरू केली. पुढे बेनिंग्टन महाविद्यालयात शिकत असताना त्यांना मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन, एरिक फ्रॉम आणि फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांच्या विचारांचा परिचय झाला. माणसाचे व्यक्तिमत्त्व आणि त्याचे मनोविकार हे त्याच्या इतरांशी असलेल्या संबंधांतून घडतात, असे सलिव्हन यांचे मत होते. रुग्णाला पाहणारा स्वतःही त्या प्रसंगाचा भाग असतो, म्हणून त्यांनी वैद्याला ‘सहभागी निरीक्षक’ म्हटले. ही कल्पना पेप्लाऊ यांनी परिचारिकेला लागू केली.

दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकन लष्कराच्या परिचारिका दलात होत्या. इंग्लंडमधील लष्करी मानसोपचार रुग्णालयात युद्धाने खचलेल्या सैनिकांची शुश्रूषा त्यांनी जवळून पाहिली. युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून त्यांनी १९४७ मध्ये पदव्युत्तर आणि १९५३ मध्ये डॉक्टरेटची पदवी मिळवली. त्यांच्या ग्रंथाचे लेखन १९४८ मध्येच पूर्ण झाले होते, परंतु सहलेखक म्हणून एकाही डॉक्टरचे नाव नसलेला परिचारिकेचा सैद्धान्तिक ग्रंथ छापणे त्या काळी धाडसाचे मानले गेले. तो प्रत्यक्ष प्रसिद्ध होण्यास १९५२ साल उजाडले. १९५४ पासून १९७४ पर्यंत त्या न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात होत्या आणि तेथे त्यांनी मानसिक आरोग्य शुश्रूषेतील चिकित्सा विशेषज्ञांसाठी पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम उभारला. अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या त्या कार्यकारी संचालक आणि नंतर अध्यक्ष होत्या. १९९७ साली त्यांना आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेचा क्रिस्तियान राइमान पुरस्कार मिळाला. १७ मार्च १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

सिद्धान्ताचे स्वरूप

पेप्लाऊ यांच्या मते शुश्रूषा ही दोन माणसांमध्ये घडणारी, अर्थपूर्ण आणि उपचारात्मक अशी प्रक्रिया आहे. तिच्यात एकाला मदतीची गरज असते व दुसऱ्याने ती देण्याचे शिक्षण घेतलेले असते. आजारपण हा रुग्णाच्या दृष्टीने शिकण्याचाही प्रसंग असतो. आपल्या शरीराविषयी, भीतीविषयी आणि परावलंबनाविषयी त्याला या काळात जे कळते ते बरे झाल्यावरही उपयोगी पडते. परिचारिका रुग्णाला काय करून देते यासोबतच ती स्वतः कशी व्यक्ती आहे, यावरही रुग्ण काय शिकेल हे अवलंबून असते. म्हणून परिचारिकेने रुग्णाला समजून घेण्याआधी स्वतःचे राग, पूर्वग्रह आणि भीती ओळखली पाहिजेत, असा पेप्लाऊ यांचा आग्रह होता.

नात्याचे चार टप्पे

मूळ ग्रंथात या नात्याचे चार टप्पे सांगितले आहेत. ते एकमेकांत मिसळलेले असतात आणि रुग्ण पुढच्या टप्प्यावरून मागेही येऊ शकतो. त्यांच्या स्पष्टीकरणासाठी पुढील प्रसंग कल्पिला आहे: बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथील पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी पायाची जखम भरत नाही म्हणून खामगावच्या सरकारी रुग्णालयात दाखल होतो आणि तेथे त्याला मधुमेह असल्याचे प्रथमच समजते.

अभिमुखता. रुग्णाला काहीतरी त्रास जाणवतो, पण त्याची नेमकी गरज त्याला सांगता येत नाही. परिचारिका आणि रुग्ण परस्परांना अपरिचित असतात. या टप्प्यावर परिचारिका आपले नाव व काम सांगते, रुग्णाला प्रश्न विचारू देते आणि नेमकी अडचण कोणती हे दोघे मिळून ठरवतात. वरील शेतकऱ्याच्या दृष्टीने अडचण ‘पायाची जखम’ ही आहे. वैद्यकीय कागदावर ती ‘मधुमेह’ आहे. या दोन्हींचा मेळ बसेपर्यंत पुढचे सारे सल्ले वाऱ्यावर जातात.

तादात्म्य. आपल्याला मदत करू शकेल अशी व्यक्ती रुग्ण निवडतो आणि तिच्यावर विश्वास टाकू लागतो. शेतकरी मलमपट्टीच्या वेळी विशिष्ट परिचारिकेचीच वाट पाहतो, तिला घरचे सांगतो, जेवणाविषयी विचारतो. काही रुग्ण या टप्प्यावर पूर्णपणे परावलंबी होतात, तर काही मदत नाकारून अलिप्त राहतात. दोन्ही प्रतिक्रिया समजून घेण्याजोग्या असून त्यांवर रागावणे हा त्यांवरचा उपाय नव्हे.

उपयोजन. उपलब्ध असलेल्या सेवांचा रुग्ण पुरेपूर उपयोग करून घेतो. मूळ इंग्रजी संज्ञेचा ‘शोषण’ हा दुसरा अर्थ येथे अभिप्रेत नाही. शेतकरी इन्शुलिनचे इंजेक्शन स्वतः टोचायला शिकतो, घरी फ्रिज नसल्यास ते मडक्याच्या गारव्यात कसे ठेवावे हे विचारतो, अनवाणी रानात जाणे का टाळावे हे समजून घेतो. या काळात तो कधी हट्ट करतो, कधी पुन्हा लहान मुलासारखा वागतो. परावलंबन आणि स्वावलंबन यांच्यामधील ही ओढाताण स्वाभाविक मानली आहे.

समापन. गरज पूर्ण झाल्यावर दोघेही नात्यातून बाहेर पडतात. शेतकऱ्याची जखम भरली, इन्शुलिन घेणे त्याला जमले, पुढची तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात कधी आणि कोणाकडे करायची हे ठरले, म्हणजे समापन झाले. नुसते सुटीचे कार्ड हाती पडले तर ते समापन ठरत नाही. निरोपाची तयारी रुग्णाला आधीपासून कळलेली असावी लागते, अन्यथा मनोरुग्णांच्या बाबतीत तो निरोप त्यागल्यासारखा वाटू शकतो.

पुढील काळात मधले दोन टप्पे एकत्र करून अभिमुखता, कार्यकाल आणि समापन अशी त्रिस्तरीय मांडणी रूढ झाली. भारतीय पाठ्यपुस्तकांत तिच्या आधी परिचारिकेच्या स्वतःच्या तयारीचा ‘पूर्वसंवाद’ हा टप्पा धरतात.

परिचारिकेच्या भूमिका

नात्याच्या वाटचालीत परिचारिकेला वेगवेगळ्या भूमिका घ्याव्या लागतात. पेप्लाऊ यांनी त्यांपैकी सहा प्रमुख मानल्या आहेत.

• अपरिचित: रुग्णाला त्याच्या जात, धर्म, पैसा वा आजारावरून न तोलता, कोणाही नव्या माणसाला द्यावा तसा आदर देणे.
• माहितीचा स्रोत: रुग्णाच्या प्रश्नांना त्याला समजेल अशा भाषेत उत्तर देणे.
• शिक्षक: रुग्णाला आधी काय ठाऊक आहे तेथून सुरुवात करून पुढचे शिकवणे.
• नेता: उपचाराचे निर्णय लादण्याऐवजी रुग्णाला त्यांत सहभागी करून घेणे.
• प्रतिनिधी: रुग्ण परिचारिकेत नकळत आपली आई, बहीण वा मुलगी पाहतो तेव्हा ते ओळखणे आणि ती खरोखर कोण आहे याची जाणीव त्याला हळूहळू करून देणे.
• समुपदेशक: जे घडले त्याचा स्वतःपुरता अर्थ लावण्यास रुग्णाला मदत करणे. पेप्लाऊ यांनी मानसिक आरोग्य शुश्रूषेत या भूमिकेला सर्वाधिक महत्त्व दिले.

महाराष्ट्रातील रुग्णालयांत प्रतिनिधीची भूमिका भाषेतूनच सुरू होते. ‘सिस्टर’ हा शब्दच नात्याचा आहे. वॉर्डातील मदतनीस स्त्रीला ‘मावशी’ म्हणतात, आणि परिचारिकाही रुग्णांना ‘काका’, ‘आजी’, ‘दादा’, ‘ताई’ असे संबोधतात. अशा हाकेने परकेपणा लवकर ओसरतो. मात्र ‘आजी’ म्हणून हाक मारलेल्या स्त्रीला लहान मुलासारखे दटावले जाते, किंवा ‘दादा’ म्हटल्यामुळे रुग्ण नको इतकी सलगी दाखवू लागतो, तेव्हा याच हाकेचा अडसर होतो. नात्याच्या शब्दांचा आधार घेऊनही व्यावसायिक मर्यादा कशी सांभाळावी, हा येथील परिचारिकेपुढचा रोजचा प्रश्न आहे.

चिंतेचे स्तर

पेप्लाऊ यांनी चिंतेचे सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयाकुल असे चार स्तर सांगितले. सौम्य चिंतेत माणूस अधिक सावध होतो व चांगले शिकू शकतो. मध्यम चिंतेत त्याचे लक्ष एका गोष्टीपुरते आकसते. कोणी दाखवून दिल्यास त्याला इतर गोष्टीही दिसतात. तीव्र चिंतेत त्याला तपशील सुटे सुटे दिसतात आणि त्यांचा संबंध जोडता येत नाही. भयाकुल अवस्थेत विचारशक्तीच थांबते.

या वर्गीकरणाचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. शस्त्रक्रियेच्या दारात उभ्या असलेल्या, तीव्र चिंतेतील नातेवाइकाला संमतिपत्राची लांबलचक माहिती एका दमात सांगितली तर त्यातले काहीही त्याच्या ध्यानात राहत नाही. तेथे लहान वाक्ये, एका वेळी एकच सूचना आणि तीच पुन्हा शांतपणे सांगणे आवश्यक असते. भयाकुल रुग्णाला उपदेश करू नये. त्याला एकटे न सोडता जवळ थांबावे. ‘दहा वेळा सांगितले तरी यांना कळत नाही’ या वॉर्डातील नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा रुग्णाची चिंता असते, त्याची बुद्धी नसते.

संवादनोंद

सिद्धान्त प्रत्यक्ष शिकवण्यासाठी पेप्लाऊ यांनी संवादनोंदीचा वापर केला. विद्यार्थिनीने रुग्णाशी झालेले संभाषण शक्य तितके शब्दशः लिहून काढायचे, त्यासोबत हावभाव, त्या क्षणी स्वतःच्या मनात आलेले विचार आणि नंतर केलेले विश्लेषण नोंदवायचे, आणि शिक्षिकेबरोबर त्यावर चर्चा करायची, अशी ही पद्धत आहे. वर कल्पिलेल्या रुग्णाच्या संदर्भात तिचा नमुना असा देता येईल:

रुग्ण: “मले काई झालं नाई, सिस्टर. पाय बरा झाला की मी चाललो घरी. पेरणी अडून पडली.”
परिचारिका: “असं कसं चालेल, काका? डॉक्टरांनी सांगितलंय ते ऐकायलाच पाहिजे.”
परिचारिकेच्या मनातील विचार: पाळी संपत आली आहे, अजून चार इंजेक्शने द्यायची आहेत.
विश्लेषण: रुग्णाच्या बोलण्यातील महत्त्वाचा शब्द ‘पेरणी’ हा होता. उत्तर मात्र डॉक्टरांच्या आदेशाविषयी दिले गेले. रुग्ण गप्प झाला आणि संभाषण तेथेच संपले.

याऐवजी “पेरणी अडली म्हणता, घरी पाहायला कोणी आहे का?” असा प्रश्न विचारला गेला असता, तर घरी मागे कोण आहे, बियाण्यासाठी कोणाकडून पैसे घेतले आहेत, घरी जाण्याची घाई नेमकी कशाची आहे, हे बाहेर येण्याची वाट मोकळी झाली असती. प्रश्नाला लागणारा वेळ उपदेशाला लागणाऱ्या वेळेइतकाच आहे. संवादनोंदीचे प्रयोजन विद्यार्थिनीची चूक पकडणे हे नसून तिला आपलेच बोलणे त्रयस्थपणे ऐकता यावे हे आहे.

सिद्धान्ताचा पुढील विकास

पेप्लाऊ यांच्यानंतर परिचारिका-रुग्ण नात्यावर अनेकींनी लिहिले. आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात रुग्णाच्या वागण्याचा अर्थ परस्पर गृहीत न धरता त्यालाच विचारून पडताळावा, असे सांगितले. जॉइस ट्रॅव्हलबी यांनी १९६६ मध्ये ‘माणूस ते माणूस’ असे नाते मांडले. ‘रुग्ण’ आणि ‘परिचारिका’ ही लेबले गळून पडावीत आणि आजारपणातही माणसाला अर्थ शोधता यावा, हा त्यांचा विचार व्हिक्टर फ्रँकल यांच्या प्रभावातून आला होता. इमोजेन किंग यांनी दोघांनी मिळून उद्दिष्ट ठरवणे आणि ते गाठणे यावर भर देणारा सिद्धान्त १९८१ मध्ये विस्ताराने मांडला.

भारतातील व महाराष्ट्रातील शिक्षण

महाराष्ट्रात परिचारिकेच्या शिक्षणाला समाजमान्यता मिळवून देण्याच्या प्रयत्नांत रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाचा वाटा मोठा आहे. परक्या माणसाला स्पर्श करावा लागतो म्हणून हे काम प्रतिष्ठित घरांत कमीपणाचे मानले जात असताना सेवासदनाने विधवा व इतर स्त्रियांना ससून रुग्णालयातील प्रशिक्षणाकडे वळवले. पेप्लाऊ यांनी सांगितलेली ‘अपरिचिता’ची भूमिका येथे जात आणि सोवळे यांच्या भिंती ओलांडून घ्यावी लागली, हे या इतिहासावरून ध्यानात येते.

स्वातंत्र्यानंतर भारतीय परिचर्या परिषद कायदा, १९४७ अन्वये देशभर शिक्षणाचे समान निकष ठरू लागले. राज्यात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ नुसार नोंदणी होते आणि पदवी अभ्यासक्रम १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. परिषदेच्या अभ्यासक्रमात ‘उपचारात्मक संवाद आणि परिचारिका-रुग्ण नाते’ हा मानसिक आरोग्य शुश्रूषेतील स्वतंत्र घटक आहे. संवादाची तंत्रे व अडथळे, नात्याचे टप्पे, आत्मपरीक्षणासाठी वापरली जाणारी जोहारी खिडकी आणि संवादनोंद यांचा त्यात समावेश होतो. २०२१ च्या सुधारित सत्रपद्धतीत हा विषय बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या व सहाव्या सत्रांत येतो.

प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांना मनोरुग्णालयात किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवतात. राज्यात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. या मुक्कामात विद्यार्थिनी एखाद्या रुग्णाशी रोज ठरावीक वेळ बोलते व त्याची नोंद ठेवते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या केली असून रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्कही मान्य केला आहे. त्यामुळे संवादनोंदीत रुग्णाचे नाव व ओळख पटेल असा तपशील न लिहिणे हे केवळ सौजन्य राहिलेले नाही.

महाराष्ट्र व गोव्यातील व्यवहार

के.ई.एम. रुग्णालय

परिचारिका-रुग्ण नात्याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण मुंबईच्या राजे एडवर्ड स्मृती रुग्णालयातील आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर मेंदूला झालेल्या इजेमुळे कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन होईपर्यंत, जवळपास ४२ वर्षे, रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या अशा परिचारिका पुढे त्यांना भरवत होत्या.

दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची प्रशंसा केली आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, याची नोंद घेतली. स्वतः बोलू न शकणाऱ्याच्या वतीने न्यायालयात बाजू मांडणाऱ्यास वादमित्र म्हणतात. अरुणा यांच्या खऱ्या वादमित्र याचिकाकर्त्या नसून रुग्णालयातील कर्मचारीच आहेत, असे न्यायालयाने ठरवले. रोजच्या सहवासातून निर्माण झालेल्या नात्याला रक्ताच्या नात्याइतके वजन कायद्याने दिल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. सिद्धान्ताच्या दृष्टीने ते अवघडही आहे. येथे रुग्ण बोलू शकत नव्हती, नात्याला उपयोजन वा समापन हे टप्पे नव्हते, तरीही नाते होते. तिच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून आणि खाण्याच्या प्रतिसादावरून तिची आवडनिवड आपल्याला कळते, अशी परिचारिकांची भूमिका होती. तो प्रतिसाद कितपत जाणिवेचा होता, याविषयी मतभेद राहिले.

ग्रामीण आरोग्यसेवा

सलिव्हन यांच्या विचारांतूनच पुढे १९७० च्या दशकात जेराल्ड क्लरमन व मर्ना वाइसमन यांनी आंतरवैयक्तिक मानसोपचार ही पद्धत विकसित केली. ती पेप्लाऊ यांच्या सिद्धान्ताहून निराळी असली तरी एकाच मुळाची शाखा आहे. गोव्यातील ‘मानस’ या प्रयोगात २४ प्राथमिक आरोग्य सेवाकेंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य व चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी इतर उपायांसोबत ही पद्धत वापरली. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रुग्णांपैकी सहा महिन्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण ६५.९ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही.

विदर्भात या प्रश्नाला शेतीच्या संकटाची पार्श्वभूमी आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्ते व समुपदेशक यांच्यामार्फत नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. बुलढाणा हा त्यांपैकी एक जिल्हा आहे. त्यात आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन विचारपूस करते आणि गरज असलेल्यास पुढील उपचारांकडे पाठवते.

आशा ही परिचारिका नव्हे, परंतु तिच्या आणि आरोग्यसेविकेच्या कामात सिद्धान्तातील पहिला टप्पा रुग्णालयाबाहेर, घराच्या ओसरीवर घडतो. येथे ‘अपरिचिता’ची भूमिका नसतेच. दोघी त्याच परिसरातल्या असतात, त्यांना घरातील भाऊबंदकी आणि कर्ज ठाऊक असते. ओळखीमुळे दार लवकर उघडते, पण मनातले बोलायला माणूस कचरतो, कारण सांगितलेले गावभर होईल अशी भीती असते. म्हणून ग्रामीण भागात विश्वासाचा अर्थ मुख्यतः ‘पोटात ठेवणे’ हा होतो.

मर्यादा व टीका

सिद्धान्ताची पहिली मर्यादा अशी की, तो बोलू व विचार करू शकणारा रुग्ण गृहीत धरतो. बेशुद्ध रुग्ण, नवजात बालके, प्रगत स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांना तो आहे तसा लागू होत नाही. ज्या रुग्णांना मदत नकोच असते, त्यांच्या बाबतीतही पहिल्या टप्प्याच्या पुढे जाणे कठीण असते.

दुसरी मर्यादा सांस्कृतिक आहे. मूळ मांडणी दोन व्यक्तींच्या नात्याची आहे. मराठी कुटुंबात रुग्णाच्या उशाशी बसलेली पत्नी, मुलगा वा सून हा नात्यातील तिसरा घटक असतो. पुष्कळदा रुग्णाऐवजी तोच बोलतो आणि आजाराचे नावही रुग्णापासून लपवावे अशी त्याची अपेक्षा असते. शिवाय परिचारिका केरळची, रुग्ण वऱ्हाडी बोलणारा आणि कागदपत्रे इंग्रजीत, अशी स्थिती राज्यात नवी नाही. ‘मले’ आणि ‘मला’ यांतील अंतर लहान असले तरी आपल्या बोलीला हसले जाईल, या भीतीने रुग्ण गप्प राहतो.

तिसरी आणि व्यवहारात सर्वांत मोठी मर्यादा मनुष्यबळाची आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे आणि सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात रात्रपाळीला संपूर्ण कक्ष एकटीने सांभाळण्याची वेळ परिचारिकांवर येते. अशा वेळी नाते घडवण्याची जबाबदारी केवळ परिचारिकेच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. नोंदवहीत औषधे, लघवीचे प्रमाण, तापमान यांसाठी रकाने असतात. रुग्ण काय म्हणाला यासाठी नसतो. त्यामुळे ऐकणे हे काम म्हणून मोजले जात नाही आणि मनुष्यबळ ठरवताना त्याचा हिशेब धरला जात नाही.

सिद्धान्ताचे समर्थक यावर असे सांगतात की, मलमपट्टी, स्पंज किंवा इंजेक्शन देतानाची काही मिनिटे तशीही रुग्णाजवळ जातातच. त्या मिनिटांत काय बोलावे व काय ऐकावे हे शिकवणे शक्य आहे. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण तीव्र चिंतेतील किंवा आत्महत्येचा विचार मनात असलेल्या रुग्णाला काही मिनिटे पुरत नाहीत. ऐकणे हा उपचार मानायचा, तर औषधाप्रमाणेच त्याचीही मात्रा, वेळ आणि देणारा माणूस निश्चित करावा लागतो, असा या सिद्धान्ताचा व्यावहारिक निष्कर्ष निघतो.